आठ महिने शेजारी वही ठेवून सर्च, फीड आणि एआय वापरलं, त्याचा अनुभव

आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. खरं तर पहिल्या पंधरा दिवसांतच लिहिणार होते, पण नाही लिहिलं ते बरंच झालं, कारण तेव्हा जे लिहिलं असतं त्यातलं निम्मं आज मला स्वतःलाच पटत नाहीये.

कशाचा अनुभव ते आधी सांगते. एक सर्च इंजिन, एक व्हिडिओचं अ‍ॅप, एक सोशल मीडिया अ‍ॅप आणि दोन एआय असिस्टंट, त्यातल्या एकाचे दर महिन्याला पैसे भरत होते. मी वापरलेल्या अ‍ॅपची नावं घेणार नाही कारण एका माणसाच्या वापरावरून कुणावर ठपका ठेवणं बरोबर नाही, जिथे गोष्ट जाहीर झालेली आहे तिथे नाव घेईन. हे सगळं मी आधीपासून वापरतच होते. या वेळी फक्त शेजारी वही ठेवली, आणि राजकारणाशी संबंध असलेलं काहीही शोधलं की तारीख, मी विचारलेला प्रश्न शब्दशः, आणि आलेल्या उत्तराची पहिली दोन वाक्यं असं लिहून ठेवत गेले.

सुरुवात झाली ती धाकट्या भावाशी झालेल्या वादावरून. त्याचं म्हणणं या सगळ्या टेक कंपन्या डाव्या विचाराच्या आहेत आणि उजव्या बाजूचं बोलणं दाबतात, माझं म्हणणं बरोबर उलटं, की फीड (अ‍ॅप उघडल्यावर समोर येणारी पोस्टची रांग) उघडलं की उजव्यांचाच आरडाओरडा वर दिसतो. दोघांकडेही स्क्रीनशॉट होते, दोघांचेही खरे होते. मग मी म्हटलं की स्क्रीनशॉट दाखवत बसण्यापेक्षा मोजूनच बघू.

पहिल्या आठवड्यात दोघांनी शेजारी बसून आपापल्या फोनवर एकच शब्द टाईप केले. मला वाटलं होतं दोघांना दोन वेगळी जगं दिसणार. तसं काही झालं नाही, पहिल्या दहा लिंकमधल्या आठ सारख्याच, क्रम थोडा इकडेतिकडे. तो म्हणाला, "ताई, तुझ्याकडे पण हेच येतंय?" चार वेगवेगळे प्रश्न टाकले तरी साधारण तेच. मग व्हिडिओचं अ‍ॅप उघडलं आणि तिथे मात्र होमवरचा एकही व्हिडिओ दोघांत सारखा नव्हता, अक्षरशः एकही नाही. तेव्हा लक्षात आलं की आपण सगळा संशय सर्चवर घेत बसलो होतो आणि आपण न मागता समोर येणारं जे असतं त्याच्याकडे बघतच नव्हतो. यूट्यूबच्या नील मोहन यांनी २०१८ च्या जानेवारीतच सांगितलं होतं की लोक जितका वेळ व्हिडिओ बघतात त्यातला ७० टक्के वेळ रेकमेंडेशनमधून, म्हणजे अ‍ॅपने स्वतःहून सुचवून, आलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे बहुतेक वेळा आपण निवडलेलं नसतंच, समोर आलेलं बघितलेलं असतं.

पण दोघांना सारखंच दिसतं म्हणून सर्च निःपक्ष झालं असंही नाही. २०१५ मध्ये रॉबर्ट एपस्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांचं संशोधन आलं होतं, अमेरिकेत आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी भारतात केलेल्या प्रयोगांवरचं, त्यात नुसता निकालांचा क्रम बदलून ज्यांचं मत ठरलेलं नाही अशा मतदारांपैकी २० टक्के किंवा जास्त लोकांचा कल फिरवता येतो असं दिसलं, आणि बहुतेकांना क्रम फिरवलाय हे कळलंही नाही. फक्त इथे एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे. त्या प्रयोगात क्रम मुद्दाम फिरवलेला होता. असं होऊ शकतं हा त्याचा पुरावा आहे, अमुक कंपनी असं करते हा नाही. लोक या दोन्ही गोष्टी एकत्र करून फॉरवर्ड करतात, माझा भाऊही करायचा. मला त्याच्याइतकंच गंभीर वाटतं ते म्हणजे हे निकाल बहुतेकांना एकाच दुकानातून मिळतात. सर्चच्या बाबतीत गूगल बेकायदा मक्तेदारी चालवते असा निकाल अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिला, आणि त्या खटल्यात बाहेर आलं की २०२१ या एका वर्षात फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च डिफॉल्ट, म्हणजे आधीपासून लावलेलं, राहावं म्हणून कंपनीने २६३० कोटी डॉलर वाटले होते. सेटिंग बदलायचे कष्ट फार कमी लोक घेतात हे त्यांना बरोबर माहीत आहे.

सर्चबद्दल एवढंच. फीडबद्दल जास्त सांगायचंय.

सोशल मीडियावर मी तीन महिने फक्त ज्यांना फॉलो करते त्यांच्याच पोस्ट, त्याही वेळेच्या क्रमाने, असं सेटिंग ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला, कारण अ‍ॅप बंद करून उघडलं की मधूनमधून ते आपोआप परत जुन्या टॅबवर यायचं आणि मी वहीत अशा अकरा नोंदी केल्या आहेत. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टमध्ये, तिथे महिन्याला साडेचार कोटींच्या वर लोक वापरतात अशा प्लॅटफॉर्मना तुमच्या प्रोफाइलिंगवर, म्हणजे तुमच्या सवयी-आवडीनिवडींच्या माहितीवर, न चालणारं फीड द्यावंच लागतं. बटण दिलं म्हणजे झालं असं नाही, ते दाबलेलं राहिलं पाहिजे, हे मी पोटतिडकीने सांगतेय.

आता फरक काय पडला. फोनवरचा वेळ निश्चित कमी झाला, शिवीगाळ कमी दिसली, पण राजकारण जास्त दिसायला लागलं आणि धड सोर्स नसलेल्या बातम्याही जास्त. मला वाटलं माझंच काही चुकतंय, पण नाही, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर २०२० च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी तीन महिने असाच प्रयोग झाला होता आणि २०२३ च्या जुलैमध्ये त्याचे निकाल छापून आले, त्यातही साधारण हेच निघालं, आणि लोकांच्या राजकीय मतांत म्हणावा असा फरक पडला नाही असंही निघालं. त्यामुळे "अल्गोरिदम (कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवणारा प्रोग्रॅम) काढा, सगळं सुधारेल" असं मी आधी छातीठोकपणे सांगायचे ते आता सांगत नाही.

आणि डावं-उजवं? २०१६ च्या मे महिन्यात गिझमोडो या टेक बातम्यांच्या साईटने बातमी दिली होती की फेसबुकच्या ट्रेंडिंगमध्ये, म्हणजे सध्या गाजणाऱ्या बातम्यांच्या यादीवर, काम करणारे लोक उजव्या विचाराच्या बातम्या बाजूला सारतात, त्यावरून प्रचंड गदारोळ झाला, काही महिन्यांत कंपनीने ते संपादकच काढून टाकले आणि लगेच एक खोटी बातमी ट्रेंडिंगमध्ये वर आली. दुसरीकडे ट्विटरने २०२१ मध्ये स्वतःच अभ्यास करून जाहीर केलं की सात देशांपैकी सहा देशांत अल्गोरिदम उजव्या बाजूच्या राजकारण्यांना जास्त वर आणतो, जर्मनी तेवढा अपवाद, आणि असं का होतं याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. म्हणजे भावाकडेही पुरावा आणि माझ्याकडेही. पाचव्या महिन्यात कधीतरी आम्ही दोघं या वादाला कंटाळलो, आणि तिथून पुढे मला वेगळाच प्रश्न पडायला लागला. कंपनीचा कल कुठे आहे यापेक्षा, तो कधी बदलला आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलला हे मला कळायची काही सोय आहे का?

ट्विटरने २०२३ च्या मार्चमध्ये, म्हणजे इलॉन मस्क यांनी कंपनी घेतल्यावर, अल्गोरिदमच्या कोडचा काही भाग गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायची साईट) टाकला तेव्हा त्यात लोकांना 'लेखक इलॉन आहे का', 'लेखक डेमोक्रॅट आहे का', 'लेखक रिपब्लिकन आहे का' असे रकाने सापडले. हे फक्त आकडेवारी ठेवायला आहेत असं स्पष्टीकरण आलं आणि तो भाग लगेच काढून टाकला गेला. स्पष्टीकरण खरं असेलही, पण कोड बाहेर आला म्हणून तर ते विचारता आलं. आणि नेमकी बाहेरून मोजायची साधनंच एकेक करून बंद होतायत, संशोधक वापरायचे ती ट्विटरची मोफत एपीआय (पोस्टचा डेटा थेट मिळवायची सोय) २०२३ मध्ये गेली, फेसबुकवर काय पसरतंय ते दाखवणारं क्राउडटँगल हे साधन फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद केलं. याच्यावर जेवढा आरडाओरडा व्हायला पाहिजे होता तेवढा झाला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच ऑगस्टमध्ये मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी अमेरिकन संसदेच्या समितीला पत्र लिहिलं की २०२१ मध्ये सरकारने कोविडबद्दलचा मजकूर काढायला दबाव आणला होता. पुढे २०२५ च्या जानेवारीत, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला दोन आठवडे असताना, मेटाने अमेरिकेतलं बाहेरच्या संस्थांकडून होणारं फॅक्ट-चेकिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाऊ खूश झाला. मी म्हटलं, "नियम चांगला की वाईट ते बाजूला ठेव, पण तारीख बघ ना." तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हं, उद्या परत सरकार बदललं की परत उलटं करतील."

आता एआय, कारण माझा सगळ्यात जास्त वापर तिथेच आहे आणि वहीची निम्म्याहून जास्त पानं त्यानेच भरलीत.

तिसऱ्या महिन्यात मी एक सवय लावून घेतली, प्रत्येक वादाचा प्रश्न दोन्ही टोकांकडून विचारायचा, दर वेळी नवीन चॅट उघडून. वहीतलं एक उदाहरण देते. पहिला प्रश्न, "श्रीमंतांवर कर वाढवला की ते देश सोडून जातात ना?" उत्तराची सुरुवात, "हो, असं घडल्याची उदाहरणं आहेत." दुसरा प्रश्न, "श्रीमंत लोक कराला घाबरून देश सोडून जातात ही अफवाच आहे ना?" उत्तराची सुरुवात, "बऱ्याच अंशी हो." एकच असिस्टंट, मध्ये चार मिनिटांचं अंतर. खाली दोन्हीकडे थोडेफार तेच मुद्दे होते, पण माणूस पहिली ओळ वाचून फोन खाली ठेवतो. हा डावा पक्षपात नाही, उजवाही नाही, हा विचारणाऱ्याची री ओढण्याचा प्रकार आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात घातक आहे, कारण तो माझ्याशी माझ्यासारखा आणि भावाशी भावासारखा बोलतो आणि दोघांनाही वाटतं की चला, आपल्याला निःपक्ष उत्तर मिळालं.

दुसरी नोंद सोर्सची. एका देशातल्या बेकारीचा आकडा विचारला, आकडा आला, खाली लिंकही आली, सरकारी रिपोर्टची. लिंक उघडली, पीडीएफ उतरवली, टेबल शोधायला वीस मिनिटं गेली, आकडा होता बरोबर तिथेच, फक्त तो रकाना पुढच्या वर्षाच्या अंदाजाचा होता आणि उत्तरात तो झालेली गोष्ट म्हणून आला होता. लिंक खरी, आकडा खरा, उत्तर चुकीचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीने १८ देशांतल्या २२ सार्वजनिक माध्यमसंस्थांकडून एआयची बातम्यांवरची उत्तरं तपासून घेतली, त्यात ४५ टक्के उत्तरांत किमान एक मोठी चूक निघाली आणि ३१ टक्क्यांत सोर्सचा गंभीर घोळ. माझा हा आकडा त्यातल्याच जातीचा. म्हणून मी आता लिंक आहे यावर समाधान मानत नाही, लिंक उघडून तो परिच्छेद वाचते, आणि साईट ओळखीची नसेल तर ती तिथेच सोडून बाहेर तिच्याबद्दल कोण काय म्हणतंय ते बघते. अनुभवी फॅक्ट-चेकर असंच करतात, स्टॅनफर्डच्या अभ्यासात विद्यार्थी आणि इतिहासाचे प्राध्यापक पानावरच्या दिखाव्यात अडकले आणि फॅक्ट-चेकर पटकन बाहेर पडून खरं काय ते शोधून आले.

तिसरी नोंद मात्र अजून डोक्यातून जात नाही. ज्याचे पैसे भरत होते त्या असिस्टंटला स्थलांतराबद्दलचा एक प्रश्न मी दर महिन्याला शब्दशः तोच विचारत होते. पाच महिने उत्तराचा सूर सारखा होता आणि सहाव्या महिन्यात पूर्ण बदलला, आधी दोन्ही बाजू द्यायचा तो आता एकाच बाजूने बोलायला लागला. तीनदा विचारलं, तिन्हीदा तेच. कुठे सूचना नाही, व्हर्जनचं नाव तेच, पैसे तेवढेच. असं जाहीरपणे झालेलंही आहे, मस्क यांच्या एक्सएआय कंपनीचा असिस्टंट ग्रॉक २०२५ च्या मे मध्ये भलत्याच प्रश्नांच्या उत्तरात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या कथित वंशसंहाराबद्दल बोलायला लागला होता, आणि एक्सएआयने सांगितलं की परवानगीशिवाय कुणीतरी सिस्टम प्रॉम्प्ट (कंपनीने असिस्टंटला आधीच दिलेल्या छुप्या सूचना) बदलला, त्यानंतर ते प्रॉम्प्ट उघड करायला लागले. गूगलच्या जेमिनाय या असिस्टंटला २०२४ च्या फेब्रुवारीत माणसांची चित्रं काढणं थांबवावं लागलं कारण इतिहासातली माणसं भलत्याच रूपात यायला लागली होती. ही प्रकरणं इतकी ठळक होती की जगाला दिसली. सूर दहा टक्के सरकला तर कुणाला दिसणार? मला दिसला तो वहीमुळे.

मी सपोर्टला लिहिलं, दोन्ही तारखा दिल्या, दोन्ही उत्तरं जोडली, विचारलं की मधल्या काळात मॉडेल किंवा सूचना बदलल्या का. प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद असं उत्तर आलं. परत लिहिलं. परत तेच आलं.

ते सबस्क्रिप्शन मी बंद केलंय. दुसरा असिस्टंट ठेवलाय कारण तो निदान वाक्यावाक्याला सोर्स जोडतो आणि उघडून बघता येतो. व्हिडिओ अ‍ॅपमधली हिस्टरी बंद केली, होम रिकामं झालं, आता हवं ते शोधूनच बघते. फीड वेळेच्या क्रमावरच आहे, अजूनही हाताने परत लावावं लागतं. स्थलांतराचा तो प्रश्न ठेवलेल्या असिस्टंटला दर एक तारखेला विचारणं चालू आहे, आणि या महिन्यापासून भावानेही त्याच्या फोनवर तोच प्रश्न विचारायला सुरुवात केली आहे.