जुना टीव्ही: भंगारवाला की ई-कचरा केंद्र?

मावशीच्या माळ्यावर जुना डबा टीव्ही आणि बंद लॅपटॉप पडून आहेत. द्यायचे कुणाला, यावर घरात दोन तट पडलेत.

पैसा: भंगारवाला रोख देतो. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडून बहुधा कमीच मिळतात, कधी काहीच नाही.

कष्ट: भंगारवाला हाक मारली की जिना चढून येतो. केंद्राला फोन करा, वेळ ठरवा, नाहीतर स्वतः नेऊन द्या.

पुढे काय होतं: खरा फरक इथे. डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, मोठ्या संचात किलोभरापेक्षाही जास्त. भंगारात तांब्याची गुंडाळी काढून घेतली की काच उकिरड्यावर. वायरी जाळतात, सर्किट बोर्ड अ‍ॅसिडात बुडवतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंवर प्रक्रिया करण्याचं काम नोंदणी असलेल्यांनीच करायचं. नव्या उपकरणांत शिशाला 0.1 टक्के मर्यादा आहे. मावशीचा टीव्ही त्याच्या कितीतरी आधीचा.

डेटा: लॅपटॉप कुणालाही द्या, हार्ड डिस्क आधी काढून घ्या.

पडदा, बॅटरी किंवा सर्किट बोर्ड असेल तर केंद्रच. लोखंडी कपाट, सायकल, रद्दी भंगारवाल्याला, घासाघीस करून.