४ जूनचं टीव्ही कव्हरेज : 'इतर' नावाचा डबा (५ पैकी २ स्टार)

लोकसभा २०२४ चा निकाल आम्ही घरी सकाळी साडेसातपासून टीव्हीवर बघितला, चार-पाच मराठी चॅनेल आलटून पालटून, त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एकाचा नाही, सगळे एकाच माळेचे मणी. आमचा मतदारसंघ हातकणंगले आणि आमचे आबा शेतकरी नेते राजू शेट्टींचे जुने माणूस, ऊसदरासाठी रस्त्यावर बसलेले. म्हणजे दिल्लीत कोण येतंय यापेक्षा शेट्टींना किती पडली हाच आमच्या घरात मोठा विषय.

आठला पोस्टल मोजायला घेतलं न घेतलं तोवर स्क्रीनवर शे-दीडशे लीड. कुठून आणतात देव जाणे. एकीकडे एनडीए, एकीकडे इंडिया आणि कोपऱ्यात बारका करडा डबा, 'इतर'. आबा म्हणाले आपले शेट्टी त्यात असतील, पण खरं बघितलं तर त्यातपण नव्हते, कारण तो डबा फक्त पुढं असलेल्यांचा. तिसऱ्या नंबरवरच्याला डबाच नाही! महाराष्ट्राच्या डब्यात दिवसभर एकच आकडा, १, म्हणजे सांगलीचे विशाल पाटील, तेपण दोन दिवसांत काँग्रेसकडं.

खाली पट्टीवर हातकणंगले यायचं पाच सेकंद. शिंदे सेनेचे माने पुढे, ठाकरे सेनेचे सरूडकर मागे, किंवा उलटं, आणि आबा चष्मा डोळ्यावर चढवेपर्यंत पट्टी पुढच्या मतदारसंघावर. शेवटी मी मोबाइलवर निवडणूक आयोगाची साइट उघडली. तिथं ना हेलिकॉप्टर ना ढोल, पण प्रत्येक उमेदवाराची मतं, अगदी नोटाची सुद्धा. संध्याकाळी चित्र स्पष्ट झालं, धैर्यशील माने १३,४२६ नी आले आणि शेट्टींना साधारण एक लाख ऐंशी हजार.

"डिपॉझिट राहिलं का रे?" आबांनी विचारलं. एक षष्ठांश मतं लागतात म्हणून मी कॅल्क्युलेटरवर एकूण मतांना सहानं भागलं. नव्हतं राहिलं. २००९ आणि २०१४ ला याच मतदारसंघातून खासदार झालेला माणूस. आबा काही न बोलता म्हशीकडं गेले, आणि टीव्हीवर तेव्हा अँकरबाई बोटानं नकाशा मोठा करून दाखवत होत्या, तोपण उत्तर प्रदेशचा.

आता मला सांगा, तेरा हजारांचा फरक आणि तिसऱ्याकडं त्याच्या तेरापट मतं, मग आमच्या सीटची स्टोरी काय होती? ठाकरेंच्या पक्षाचं चिन्ह मशाल घेऊन लढा म्हटलेलं शेट्टींनी ऐकलं नाही, ठाकरेंनी वेगळा उमेदवार दिला, तिथंच सगळं फिरलं. पॅनलवर सहा जण बसलेले, एकानं शब्द काढला नाही. बुलढाण्यात तर अपक्ष रविकांत तुपकरांना अडीच लाखांच्या आसपास मतं आणि शिंदे सेनेचे प्रतापराव जाधव आले २९ हजारांनी, तेही पट्टीतच गेलं. अकोल्यात प्रकाश आंबेडकर तिसरे, त्यांचा चेहरा ओळखीचा म्हणून तेवढा एक फोटो लागला.

एक स्टार मात्र मनापासून, तुतारीसाठी. एका रिपोर्टरनं साताऱ्याचं गणित व्यवस्थित मांडलं. शशिकांत शिंदे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन ३२,७७१ नी पडले, आणि नुसती 'तुतारी' मिळालेल्या अपक्षानं ३७ हजार नेली. दिंडोरीत तसल्याच तुतारीला लाखाच्या वर, वर आडनावपण भगरेच! तिथले खरे भगरे तरीही निवडून आले. हे ऐकून आबा परत आत आले आणि पहिल्यांदा आवाज वाढव म्हणाले.

दुसरा स्टार आझाद समाज पार्टीचे चंद्रशेखर आझाद उत्तर प्रदेशातल्या नगीन्यातून दीड लाखांच्या फरकानं आले ते दाखवल्याबद्दल. बसपा १० वरून शून्यावर गेली हे मात्र त्याच बातमीत चार शब्दांत.

बाकी स्टार पेपराला. दुसऱ्या दिवशी सगळ्या उमेदवारांची मतं छापून आली, आबांनी वरच्या दोन ओळी अंगठ्यानं झाकल्या आणि तिसरीपासून वाचायला सुरुवात केली.