‘सरप्लस’ थ्री-नॉट-थ्रीच्या नावाखाली माझी फसवणूक

आजोबा होळकर पलटणीत होते. त्यांच्या तसबिरीखाली थ्री-नॉट-थ्रीची, म्हणजे जुन्या .३०३ लष्करी रायफलीची, शोभेची प्रतिकृती टांगायची, ही माझी फार दिवसांची इच्छा. लष्करी छावणीचं महू आम्हा इंदूरकरांना जवळचं, त्यामुळे ‘छावणीतलं सरप्लस सामान’ असं कुणी म्हटलं की खरंच वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर एकाने फोटो पाठवले. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ली-एनफील्ड (म्हणजेच थ्री-नॉट-थ्री), सुटे भाग. “भाईसाहब, पुर्जे मंगाओ, घर पे जोड़ लो, लाइसेंस का झंझट ही नहीं.” दस्ता, पुढचं लाकूड, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि बोल्ट (गोळी नळीत सारून मागून बंद करणारा भाग) मिळून १८,५०० रुपये. मी सगळे यूपीआयने आगाऊ भरले.

पार्सलमध्ये बोल्ट नव्हताच. अक्रोडाच्या नावाखाली आंब्याचं लाकूड, वर गडद पॉलिश. इशापूरच्या रायफलीत मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा आरपार स्क्रू असतो. इथे दोन्ही बाजूंना नुसती डोकी चिकटवलेली, नखाने निघाली. मॅगझिन म्हणजे पत्र्याचा चौकोनी डबा. .३०३ चं मॅगझिन दहा गोळ्यांचं. चौकोनी, बारा गोळ्यांचं येतं ते नंतरच्या ७.६२ च्या ‘२ए१’ रायफलीला. फोटोत मॅगझिन .३०३ चंच होतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

पैसे परत मागितले तर म्हणाला, “थाने जाओ. पहले तुमसे पूछेंगे, बंदूक के पुर्जे किसने मंगाए.” खरा फास हाच. दहा दिवस मी घरातही बोललो नाही.

शेवटी वकील असलेल्या मामेभावाला सांगितलं. तो आधी माझ्यावरच चिडला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भागही येतात. ‘पुर्ज्यांना लायसन्स लागत नाही’ हे धादांत खोटं. बोल्ट खरा निघाला असता तर गुन्हा माझ्यावर होता. पण मग म्हणाला, “दादा, तुझ्याकडे आलंय ते लाकूड आणि पत्रा. घाबरतोस कशाला?” त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, दुसऱ्या दिवशी सगळं सामान घेऊन दोघे ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेतली. मला कुणी दरडावलं नाही. पैसे अजून आलेले नाहीत. दहा दिवस फुकट घालवले याचं वाईट वाटतं.

काल भाच्याला दुसऱ्याच नंबरवरून तेच फोटो आले. हिरवी सतरंजी, दस्त्यावर डाव्या बाजूला तिकोनी टवका.