दादरचं प्लाझा : मराठी पिक्चर बघायचा तर इथेच

दादर वेस्टला उतरायचं, फुलवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत केळकर रोडला लागायचं, शिवाजी मंदिरच्या समोरच प्लाझा, पत्ता विचारावा लागत नाही, बेस्टचा स्टॉपच प्लाझा नावाचा आहे. गेल्या रविवारी आईला घेऊन गेलो होतो, मराठी पिक्चर होता आणि पब्लिक बघून जीव सुखावला. मावश्यांचे ग्रुप, आजी-आजोबा, डोंबिवलीहून मुद्दाम आलेली एक फॅमिली. विनोदाला अख्खं थेटर हसतं, रडायच्या सीनला मागून नाकं ओढल्याचे आवाज येतात, ती मजा दीडशे सीटच्या मल्टिप्लेक्समध्ये नाही मिळत, आणि तिथे पॉपकॉर्नलाच तिकिटाएवढे पैसे जातात ते वेगळंच.

हे थेटर व्ही. शांताराम यांचं. 1942 ला परळला राजकमल स्टुडिओ काढला तेच शांताराम. पुढे किरण शांताराम यांनी ते सांभाळलं आणि मराठी सिनेमाला इथे कायम हक्काची जागा मिळाली, ही गोष्ट छोटी नाहीये बरं का. कारण मराठी पिक्चरला स्क्रीन मिळत नाही ही रड आजची नाही. इथून चालत पाच मिनिटांवर कोहिनूर होतं, 1971 ला तिथे 'सोंगाड्या' लावायला मालक तयार नव्हता, दादा कोंडके बाळासाहेबांकडे गेले, शिवसैनिक थेटरवर धडकले तेव्हा कुठे पिक्चर लागला, आणि मग जो चालला तो चाललाच. आता कोहिनूरच्या जागी नक्षत्र मॉल आहे. ईस्टचं चित्रा 2019 ला बंद झालं. आईला एकेका थेटरात कुणाबरोबर कुठला पिक्चर बघितला ते सगळं पाठ आहे, पण बोट दाखवायला आता फार थोडी थेटरं उरलीत.

आणि 12 मार्च 1993. त्या दुपारी मुंबईत ठिकठिकाणी बॉम्ब फुटले त्यात प्लाझाही होतं, कंपाउंडमध्ये लावलेल्या गाडीत स्फोट झाला, 10 माणसं गेली. आमच्या चाळीपर्यंत आवाज आला होता. आई अजूनही गेटातून आत जाताना हात जोडते, मी पण जोडतो हल्ली. त्यानंतर हे थेटर पुन्हा उभं राहिलं आणि लोक पुन्हा तिकिटाच्या लायनीत उभे राहिले, याचं मला फार मोल वाटतं.

पडदा मोठा आहे, जमलं तर बाल्कनीचंच तिकीट घ्या. रविवारी गाडी मात्र अजिबात आणू नका, मार्केटच्या गर्दीत पार्किंग मिळणं कठीण, सरळ लोकलने या. इंटरव्हलला पोट भरू नका, पिक्चर सुटल्यावर गोखले रोडला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. आईने दोन ग्लास घेतले.