जुन्या लाकडाची वखार, कुडाळकडची: घर घेऊन दुरुस्त करून विकणाऱ्यांनी वाचा

वखारीचं नाव मुद्दाम टाकत नाही, एक तर पुढच्या घराचा माल अजून तिथूनच घ्यायचाय आणि दुसरं म्हणजे खाली थोडं वाकडं पण लिहिलंय. हायवेला लागून आहे, बाहेर जुने दरवाजे ओळीने उभे करून ठेवलेले दिसतात, या पट्ट्यातल्या लोकांना कळेल.

आधी एवढं सांगतो की मी हा रिव्ह्यू घर बांधणाऱ्याच्या नजरेने लिहीत नाहीये. मी आणि माझा मेव्हणा नोकऱ्या सांभाळून जुनी घरं घेतो, दुरुस्त करतो, विकतो. त्यामुळे लाकूड सुंदर आहे का हा आमचा प्रश्न नंतरचा, पहिला प्रश्न हा की त्यात घातलेला रुपया विकताना परत येतो का. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 2021 ला सुरू झाला, मग 2023 ला गोव्यातला मोपाचा, आणि गोव्यातले भाव ऐकून दमलेली पुण्यामुंबईची मंडळी वेंगुर्ला-मालवणकडे घरं बघायला यायला लागली. त्यांना व्हिट्रिफाईड टाईल्स आणि पीओपीचं छत दाखवून काही उपयोग नाही, ते त्यांच्याकडे फ्लॅटमध्ये आहेच. त्यांना चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती पाहिजेत, कौलं पाहिजेत, समोर खळं म्हणजे अंगण आणि पडवीत लाकडी खांब पाहिजेत. आणि असे खांब आता नवीन करून घ्यायचे तर सुतार मिळत नाही, मिळाला तर लाकूड ओलं असतं, म्हणून मग वखार.

माल खरंच चांगला आहे, यात वाद नाही. साग, फणस, किंदळ, आईन, थोडं शिसव पण असतं, पण शिसवीच्या नादाला लागू नका. सगळा माल पाडलेल्या घरांतला. सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, अर्धे चाकरमानी सहीला येत नाहीत, तोवर आढं खाली येतं आणि मग वासे विकून सगळे मोकळे होतात, असली घरं गावोगावी आहेत. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात छपरं उडाली तेव्हा पण बऱ्याच लोकांनी कौलं काढून पत्रे घातले, तेव्हापासून वखारींत माल वाढला. कित्येक वर्षं घरात राहिलेलं लाकूड असल्यामुळे ते वाळायचं तेवढं वाळलेलं असतं, आता वाकत नाही, पीळ पडत नाही. नव्या लाकडाच्या चौकटीत पहिल्याच पावसाळ्यात दरवाजा अडकतो आणि नेमका तेव्हाच गिऱ्हाईक घर बघायला येतं, तो ताप इथे नाही.

मालकाला लाकूड कळतं आणि तो लाकडाबद्दल खोटं बोलत नाही, हे मी चार लोकांना सांगितलंय. मेव्हण्याने एका जाडजूड खांबावर हात ठेवून सागाचा भाव विचारला तर मालक काका म्हणाले, "ह्यां सागवान न्हय हां, किंदळ आसा, सागवानाचे पैशे देव नको." गिऱ्हाईक चुकत असताना गप्प बसला असता तरी चाललं असतं. वाळवी-किडीचं पण तसंच, खांब उलटा करून बूड दाखवतो, ठोकून दाखवतो. बारीक भोकं असतील आणि खाली पिवळट भुगा पडलेला असेल तर तो नग स्वतःच बाजूला काढतो. पुरात बुडालेलं लाकूड आहे का हे मात्र तुम्हीच विचारा, विचारलं की सांगतो, आपणहून सांगत नाही.

आता माप. इथे डोळे उघडे ठेवायचे. भाव घनफुटाचा असतो, हिशोब सोपा आहे, लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. म्हणजे दहा फूट लांब, सहा बाय सहाचा खांब अडीच घनफूट. आमच्या वेळी सागाला अडीच-तीन हजार सांगत होता, फणस त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे हा एक खांब सागाचा घेतला तर सात हजाराच्या घरात जातो. पण जुन्या खांबाला सांध्यांची भोकं असतात, बूड कुजलेलं असतं, डोकं फाटलेलं असतं, आणि वखारीतला पोरगा टेप लावतो तो या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही कुजकं कापून मगच माप घ्या म्हणून अडून बसायचं, मालक असेल तर ऐकतो, पोरगा एकटा असेल तर ऐकत नाही आणि वर तोंड करून बोलतो. आणि खिळे सगळे तिथेच काढून घ्या, कारण पुढे लाकूड चिरायचं म्हटलं की सॉ मिलवाला आधी खिळे बघतो, एक खिळा पात्याला लागला तर त्याचं पातं जातं, मग तो लाकूड हातात पण घेत नाही.

दरवाजे बघून माणूस वेडा होतो. पितळी कड्या, जाड उंबरठा, नक्षीची गणेशपट्टी. पण जुने दरवाजे ठेंगणे असतात हो, साडेपाच फुटाचे वगैरे, वाकून आत जायची पद्धत होती. मुंबईचा सहा फुटी माणूस घर बघायला आला आणि कपाळाला चौकट लागली तर पुढचं घर तो कपाळ चोळत बघतो. त्यामुळे ठेंगणा दरवाजा घ्यायचा तर तो देवघराला किंवा माळ्यावर लावायचा, समोरच्या दाराला उंचीचाच शोधायचा, आणि तसे कमी असतात म्हणून भाव चढा असतो. तो द्यावा. समोरचं दार, पडवीचे खांब आणि झोपाळा या तीन ठिकाणी जुन्या लाकडाचे पैसे वसूल होतात, कारण फोटोत हेच दिसतं आणि माणूस आल्यावर हात यालाच लावतो. छपराचे वासे-रिपा कोण वर चढून बघतो? तिथे जुनं लाकूड घालणं म्हणजे हौस, ती आपल्या घरात करावी. आम्ही छपराला एमएस (साध्या लोखंडी) पाईप घालतो, रेड ऑक्साईडचे दोन हात मारून, समुद्राजवळ असेल तर जास्तच, कारण खाऱ्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. खांबाबरोबर दगडी तळखडा मागून घ्या, बुडाखाली दगड असला की लाकूड ओल्या जमिनीपासून लांब राहतं. काका तळखडा वेगळा विकायला बघतात पण खांब घेतलेत तर देऊन टाकतात.

किनाऱ्यावरच्या घरांना तर हे दार-खांबाचं गणित जास्तच लागू. देवबाग-तारकर्ली असल्या ठिकाणी सीआरझेड म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे सरकारी निर्बंध असतात, बहुतेक गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत आपल्यासारख्याला नवीन बांधकाम करता येत नाही, अधिकृत घर असेल तर आहे त्या जोत्यावर दुरुस्त करायचं. म्हणजे खोली वाढवून किंमत वाढवायचा रस्ताच बंद. मग आहे तेच देखणं करायचं, आणि देखणं करण्यात खांब आणि दार सगळ्यात पुढे.

कौलांबद्दल मात्र ही वखार मला आवडत नाही, स्पष्ट सांगतो. मंगलोरी कौलं ढिगाने पडलेली असतात आणि ढिगात सगळ्या कारखान्यांची मिसळलेली. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी, दोन वेगळी कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत आणि पावसाळ्यात त्या फटीतून पाणी बरोब्बर खाली, आपल्या पावसात तर बघायलाच नको. शाकारणीला आलेला माणूस वैतागतो आणि मजुरी वाढवून मागतो. शंभर चौरस फुटाला साधारण दीडशे कौलं लागतात, त्यावर फुटीची धरून मागवली तर गाडीत मोजून कमी निघाली, फोन केला तर "रस्त्यात फुटली असतील". फुटली तर तुकडे कुठे गेले? एवढ्यावर विषय संपला, पैसे काही परत आले नाहीत. आणि मागच्या बाजूला 1865 छापलेलं बासेल मिशनचं (मिशनऱ्यांच्या कारखान्याचं) कौल दाखवून पोरगा दीडशे वर्षं जुनं म्हणून जादा भाव सांगतो, तर ते काही खरं नाही, 1865 हे मंगळूरचा कारखाना सुरू झाला ते साल, नंतरच्या कौलांवर पण तेच छापायचे. कौल घ्यायचंच तर बोटाच्या पेराने वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा आहे. आम्ही आता कौलं पाडणाऱ्या घरातूनच एकगठ्ठा उचलतो, एकाच छपराची सगळी.

पोचवायचं काम पण ढिलं. छोटा हत्ती त्यांच्या ओळखीचा, भाडं बोलताना एक आणि उतरवताना हमाली वेगळी. लांब वासे मागे लोंबकळत आणतात, लाल कापड पण बांधत नाहीत. सागाचा माल लांब न्यायचा असेल तर कागद हातात असल्याशिवाय गाडी हलवू नका, वनखात्याच्या नाक्यावर विचारलं तर गाडीवाला तुमच्याकडे बोट दाखवून मोकळा.

आणि कागदावरून आठवलं, बिल. काका पहिल्यांदा चिठ्ठीच देतात, पेन्सिलने लिहिलेली. घरमालकाला चालत असेल, आपल्याला नाही चालत. घर 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा शॉर्ट टर्म कॅपिटल गेन धरून आपल्या पगारात मिळवतात आणि स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, वारंवार धंदा म्हणून करत असाल तर तो बिझनेस इन्कम धरला जाऊ शकतो, दोन्हीकडे दुरुस्तीचा खर्च वजा करायचा तर पक्की बिलं लागतात. पेन्सिलची चिठ्ठी सीएच्या टेबलावर ठेवली तर तो आपल्याकडे नुसता बघतो. पक्कं बिल मागितलं की काका जीएसटी वर लावतात आणि तोंड पाडतात, लावू देत, भाव ठरवतानाच बिलासकट ठरवा म्हणजे नंतर चिडचिड नाही.

मार्क द्यायचे तर लाकडाला पाचपैकी साडेचार, मालकाला चार, त्या पोराला एक, कौलांना आणि डिलिव्हरीला मिळून दीड. लाकडासाठी जा, कौलांसाठी जाऊ नका.

जायचं तर गणपती झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत जा, एप्रिल-मेला सगळं कोकण छपरं दुरुस्त करत असतं तेव्हा काका भाव सोडत नाहीत. सकाळी जा, काका बसलेले असतात, जेवून झोपले की पोराचं राज्य. सोमवारी बंद. यूपीआय चालतं पण रेंज मिळायला गेटपर्यंत चालत यावं लागतं, थोडी रोख बरोबर ठेवा.