चार घरांत फिरणारा रिफ्रॅक्टोमीटर : ८ महिन्यांनंतर

आमच्या समुद्री टाक्यांतल्या पाण्याची क्षारता मोजायला जूनमध्ये आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक रिफ्रॅक्टोमीटर घेतला. २६०० रुपये, डोक्यामागे साडेसहाशे. नेरूळला मी, खारघरला काका, ऐरोली आणि घणसोलीला दोन पोरं. चौघांच्याही टाक्यांत लेदर, झोआ, मशरूम अशी मऊ कोरलंच, म्हणजे मऊ प्रवाळ. (दगडी कोरलं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहेत. कुणी ‘गुपचूप देतो’ म्हणालं तरी घ्यायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं.)

वापरायला एकदम सोपा. प्रिझमवर दोन-तीन थेंब, झाकण लावायचं, अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५वर, म्हणजे समुद्राइतक्या क्षारतेवर, आली की झालं. दर शनिवारी हा जुन्या मोज्यात गुंडाळून लोकलने पुढच्या घरी जायचा.

गणपतीनंतर माझं लेदर मिटलं. तसं ते अधूनमधून मिटतंच, वरची मेणचट कात टाकतं आणि पुन्हा फुलतं. पण तीन आठवडे झाले, मग झोआंनीही तोंडं मिटली. मीटर मात्र ३५ दाखवतोय. मी मीठ बदललं, लाइट कमी केला, बायकोची बोलणी खाल्ली. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. ऐरोलीवाल्याने ‘टाकी कशी आहे?’ विचारलं तेव्हा ‘मस्त’ म्हणून ऑगस्टमधला फोटो पाठवला.

नोव्हेंबरात घणसोलीवाल्याचा फोन आला, ‘दादा, खरं सांगा, तुमचं लेदर उघडतंय का?’ त्या रात्री कळलं की चौघांकडे तीच रड, आणि चौघंही गप्प.

मीटर तपासायचं, ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशनचं द्रावण मागवलं आणि काकांकडे जमलो. थेंब टाकला. ३९! म्हणजे ३५ समजून आम्ही सगळे ३१च्या आसपासच्या पाण्यात कोरलं ठेवत होतो. आम्ही दर वेळी आरओच्या पाण्याने शून्य लावायचो. शून्य बरोबर आलं म्हणून वरचा आकडाही बरोबर येतो असं नाही, हे तेव्हा समजलं. शिवाय स्वस्तातले बरेच मीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, ते समुद्राचं ३५ मुळातच साडेछत्तीसच्या आसपास दाखवतात. बाकीची चूक कुठून आली? काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, ‘गणपतीत नातवाच्या हातून पडला होता. शून्यावर आणला आणि पुढे पाठवला.’

मला राग आला, खोटं कशाला बोलू. बोलायला तोंड उघडलं आणि तो ऑगस्टमधला फोटो आठवला.

मग दोन आठवडे, उडालेल्या पाण्याच्या जागी आरओऐवजी खारं पाणी घालत क्षारता हळूहळू वर आणली. माझं लेदर फुललं. ऐरोलीचे झोआ गेले ते गेलेच. घणसोलीवाल्याने त्याला आपल्यातले सहा पॉलिप (झोआंची एकेक तोंडं) कापून दिले, हातमोजे घालून, कारण झोआंत विष असू शकतं.

घ्यावा का? घ्या, पण द्रावणाची बाटली त्याच ऑर्डरमध्ये मागवा. आता मोजा गेला, डबा आलाय. झाकणावर कागद चिकटवलाय : तारीख, कुणाकडे, द्रावणाचं वाचन, आणि शेवटचा रकाना ‘पडला का?’ त्यात आतापर्यंत दोनदा ‘हो’ आलंय. एकदा माझ्याच अक्षरात.