मोकळे कॉम्प्लेक्स, पॉलिमरला बांधलेले, की सिलिकावर बसवलेले?

धातूचे कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूचा अणू आणि त्याला धरून असलेले रेणू, उत्प्रेरक (अभिक्रिया वेगवान करणारा पदार्थ) म्हणून वापरतात. ते पॉलिमरला बांधण्यामागचा हेतू सरळ असतो: काम झाले की उत्प्रेरक गाळून परत मिळावा. ऱ्होडियम, पॅलॅडियम महाग आहेतच, शिवाय तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलॅडियम पोटात जाऊ नये असा आयसीएच या औषध-नियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा दंडक आहे. तरीही 'किती वेळा वापरता येईल?' हा प्रश्न नंतरचा. अभिक्रिया चालू असताना धातू आधाराला (ज्यावर तो बसवला त्या पॉलिमरला किंवा सिलिकाला) धरून राहतो का, हे आधी पाहावे.

हेक अभिक्रियेत (पॅलॅडियमच्या मदतीने दोन कार्बन अणू जोडणाऱ्या) तो बहुधा राहत नाही. तापल्यावर पॅलॅडियम द्रावणात उतरतो, तिथे काम करतो आणि त्यातला बराचसा शेवटी परत आधारावर जाऊन बसतो. त्यामुळे पॉलिमरचे मणी चार वेळा वापरले आणि यील्ड (मिळालेल्या उत्पादनाचे प्रमाण) टिकले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अभिक्रिया अर्धवट असताना मिश्रण गरमच गाळावे आणि गाळलेले द्रावण त्याच तापमानाला चालू ठेवावे. ते पुढे सरकले, तर धातू सुटला आहे. थंड करून गाळले तर तोवर तो परत चिकटलेला असतो आणि चाचणी फसवते. जोडीला द्रावणातला धातू आयसीपीने (अत्यल्प धातू मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावाच. अशा ठिकाणी माझे मत मोकळ्या कॉम्प्लेक्सच्या बाजूने. राहिलेला धातू शेवटी शोषकाने काढता येतो.

याउलट मिथेनॉलपासून ॲसेटिक आम्ल बनवणारी चियोदा कंपनीची 'ॲसेटिका' प्रक्रिया. त्याच आम्लासाठीच्या मोन्सँटो कंपनीच्या पद्धतीत ऱ्होडियम मोकळा असतो आणि तो साक्याच्या रूपात खाली बसू नये म्हणून भरपूर पाणी ठेवावे लागते. ते पाणी पुढे ऊर्ध्वपातनाने काढत बसायचे. ॲसेटिकात तोच ऱ्होडियम धनभारित पायरिडीन-रेझिनला (एक पॉलिमर) आयनिक बंधाने धरलेला असतो. अभिक्रियेच्या चक्रातली त्याची मुख्य रूपे ऋणभारितच असल्याने पकड सुटत नाही. बांधायचे तर असे.

पॉलिस्टायरीनचे मणी घेणार असाल तर सॉल्व्हंट आधी ठरवा. 1-2 टक्के डायव्हिनाइलबेंझीन (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडणारा घटक) असलेले जेल रेझिन टोल्यूइन, टीएचएफ किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये छान फुगते. मिथेनॉलमध्ये किंवा पाण्यात आक्रसते आणि आतली धातूची केंद्रे बंद पडल्यासारखी होतात. मॅक्रोपोरस (कायमची मोठी छिद्रे असलेल्या) रेझिनला फुगण्याची गरज कमी. फुगण्याच्या या मर्यादेचा फायदाही होतो: ग्रब्ज आणि क्रोल यांनी 1971 मध्ये पॉलिस्टायरीनवर ऱ्होडियम बसवला, तेव्हा आकाराने मोठ्या अल्कीनचे (कार्बनचा दुहेरी बंध असलेल्या रेणूंचे) हायड्रोजनीकरण लहानांपेक्षा हळू झाले. टायटॅनोसीन या टायटॅनियमच्या कॉम्प्लेक्सच्या बाबतीत तर बांधल्याने क्रियाशीलता वाढली, कारण दूर दूर अडकलेली केंद्रे एकमेकांशी जुळून निष्क्रिय होऊ शकली नाहीत. (चुंबकी कांडीने ढवळू नका, मण्यांचा भुगा होतो आणि मग गाळणे हीच डोकेदुखी.)

सिलिका फुगत नाही, कुठलाही सेंद्रिय सॉल्व्हंट आणि जास्त तापमान सोसते, म्हणून प्रवाही रिॲक्टरच्या नळीत ती मण्यांपेक्षा सोयीची. तीव्र अल्कलीत मात्र ती विरघळते.

धातू फॉस्फीनने (फॉस्फरस असलेल्या रेणूने) धरलेला असेल तर हवेचा बंदोबस्त आधी करा. फॉस्फीनचे ऑक्सिडीकरण झाले की आधार पॉलिमरचा असो वा सिलिकाचा, धातू सुटतोच.